भाऊरावांनी चौकशीतून आणलेले मासे

पांढुर्ण्यात कुणाच्या मुलीला स्थळ आलं की घरचे लोक आधी दोन कामं करतात. मुलाचा बायोडेटा मोबाईलवर साऱ्या नातेवाइकांना धाडतात आणि भाऊराव गजभियेंना चहाला बोलावतात. चहा हे नुसतं निमित्त. भाऊरावांनी मुलाच्या गावी जाऊन गुपचूप चौकशी करावी, हे न बोलता ठरलेलं असतं. मुलगा पितो का, पत्ते कुटतो का, सांगितलेली नोकरी खरंच आहे का, शेत त्याच्या नावावर आहे की काकाच्या, हे सगळं भाऊराव काढून आणतात. त्यांनी मान हलवली की साखरपुडा. त्यांनी नुसता घसा खाकरला तरी मुलीकडचे समजायचं ते समजतात.

हा गुण त्यांना कापसाच्या मंडीनं दिला. सारी नोकरी कापूस तपासण्यात गेली. गाडीतला कापूस वरून कितीही पांढराशुभ्र, कोरडा दिसो, भाऊराव कोपरापर्यंत हात आत घालायचे, कारण वजन वाढावं म्हणून मधल्या थरावर पाणी मारणारे महाभाग कमी नव्हते. ओला कापूस हाताला लागला की त्यांचा चेहरा उजळायचा. निवृत्त झाल्यावर कापूस सुटला, पण ती सवय गेली नाही. दूधवाला हसून बोलला की दूध पातळ असणार. शेजारच्या मंगेशनं मोबाईलवर 'शुभ सकाळ' पाठवलं की हे अर्धा तास विचार करत बसणार, "आजच कायले पाठवून राहिला हा?"

आता गंमत अशी की भाऊरावांच्या शब्दावर गावातल्या कितीतरी मुली उजवल्या गेल्या, पण त्यांची स्वतःची स्नेहा तिशीला टेकली तरी घरातच. बायको कमल आजारपणात गेली तेव्हापासून घरात बाप-लेक दोघंच. स्नेहा जनपद पंचायतीच्या कार्यालयात कॉम्प्युटरवर बसते, स्वभावानं शांत, दिसायला चारचौघींसारखी, आणि मागणी घालणारेही आले नाहीत असं नाही. मोहगावहून आलं, छिंदवाड्याहून आलं, नागपूरहूनही आलं. प्रत्येक ठिकाणी भाऊराव स्वतः चौकशीला गेले आणि प्रत्येक ठिकाणाहून मान खाली घालून परतले. एकात ही खोट, दुसऱ्यात ती. लोक आपसांत काय बोलायचे ते बोलत; तोंडावर कोण बोलणार? उद्या स्वतःच्या मुलीच्या वेळी भाऊराव लागणारच होते.

यंदा बुद्धविहारातल्या ओळखीतून सौसरचं स्थळ आलं. आशिष सोमकुवर. प्राणीशास्त्रात एम.एस्सी. आणि बसस्टँडजवळ शोभेच्या माशांचं दुकान. स्नेहानं फोटो पाहिला, बायोडेटा दोनदा वाचला आणि बापाला सरळ सांगितलं.

"बाबा, हे शेवटचं. हे मोडलं तर याच्यानंतर मले कोणाचा फोटो दाखवायचा नाही."

"मोडलं कायले म्हणतेस आधीच? पाहू तर दे."

"तेच म्हणतो मी," स्नेहा म्हणाली. "नीट पाहा."

भाऊरावांच्या मनात मात्र पाल चुकचुकली होती. एम.एस्सी. झालेला पोरगा मासे विकतो? तेही खायचे नाही, पाहायचे? कुठंतरी पाणी मुरत होतं.

सकाळच्या बसनं ते सौसरला उतरले आणि शिरस्त्याप्रमाणे आधी दुकानासमोरच्या पानठेल्यावर जाऊन बसले. तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटणाऱ्या माणसाला इकडचं तिकडचं विचारत हळूच आशिषवर आणलं. तो म्हणाला, पोरगा चांगला आहे. चहावाला म्हणाला, चांगला आहे. झेरॉक्सवाल्या बाईनं तर कौतुकच सुरू केलं. दुसरा कुणी असता तर त्यानं खूश होऊन परतीची बस धरली असती. भाऊरावांचा संशय दुणावला. साऱ्या रस्त्यात एकही माणूस वाईट बोलत नाही म्हणजे पोरानं सगळ्यांना आधीच पढवून ठेवलंय, नाहीतर सगळे त्याचे मिंधे आहेत. आता एकच उपाय होता. गिऱ्हाईक होऊन आत शिरायचं.

चौकशीला जाताना स्वतःचं नाव-गाव सांगायचं नाही, हा त्यांचा जुना नियम. पण खोटं बोलायचं तर ते हवेतलंही नको, पुढचा माणूस उलटे प्रश्न विचारतो आणि पितळ उघडं पडतं. म्हणून ते नेहमी एखादं ओळखीचं, खरंखुरं घर उसनं घेत. या खेपेला त्यांनी लोधीखेड्याच्या मावसभावाचं घर घेतलं. तिथं बैठकीत तीन फुटी काचेची टाकी होती, हे त्यांना पक्कं आठवत होतं. माणसंही घरात भरपूर.

दुकान लहान होतं पण लख्ख. भिंतीभर टाक्या, आत दिवे, बुडबुड्यांचा आवाज. आशिष हातात जाळी घेऊन उभा होता. भाऊरावांनी आधी त्याचे डोळे पाहिले, लाल नव्हते. मग हात पाहिले, थरथरत नव्हते. मग जरा जवळ जाऊन श्वासाचा वास घेतला. वेलदोड्याचा वास आला. वेलदोडा माणूस कशासाठी खातो हे भाऊरावांना कुणी सांगायला नको होतं.

"या जी काकाजी. काय दाखवू?"

"मी श्रावण डोंगरे, लोधीखेड्याचा. घरी टाकी आहे, मासे पाहिजेत." मग त्यांनी खडा टाकला. "असं कर, ते उभे पट्टेवाले दे, ते चपटे मोठ्या परांचे दे, हे सोनेरी दे, अन् ते बारके निळे-लाल मूठभर टाक. रंगीबेरंगी पाहिजे टाकी."

लोभी असेल तर आत्ता जाळी पाण्यात बुडेल, असा त्यांचा हिशोब. आशिषनं जाळी खाली ठेवली.

"नाही जमत जी. हे एका घरात नांदत नाहीत."

"काऊन? मासेच आहेत ना सारे?"

"मासे आहेत म्हूनच. हे पट्टेवाले टायगर बार्ब, यांना दुसऱ्याच्या लांब शेपट्या कुरतडायची खोड. गोल्डफिश बिचारा हळू पोहते, त्याची शेपूट ठेवणार नाहीत. हा चपटा एंजल आज बारका दिसते, पण मोठा झाला की हे निळे टेट्रे गिळून टाकते. अन् गोल्डफिशले थंड पाणी चालते, टेट्र्यांना गरम लागते. एकाले बरं वाटलं तर दुसरा आजारी पडते."

"मी पैसे देऊन राहिलो ना? मग तुले काय त्याचं?"

"मरतीन जी."

धंद्याला बसून गिऱ्हाईक परतवणारा माणूस भाऊरावांनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. म्हणजे याचं पोट या दुकानावर चालत नाही. मग कशावर चालतं? ते असा विचार करत होते तोवर आशिषनंच त्यांना प्रश्न विचारायला सुरुवात केली. टाकी केवढी? किती दिवसांपासून पाणी चालू आहे? फिल्टर आहे का? खिडकीजवळ तर नाही? खायला कोण घालतं?

भाऊराव मनातून चिडले. चौकशीला कोण आलंय, हा की मी? पण तोंडावर काही न दाखवता त्यांनी मावसभावाचं घर भराभर सांगून टाकलं. तीन फुटी टाकी, जुनी, आधीचे मासे पोरानं मित्राला दिले पण पाणी नि फिल्टर चालूच आहे, ऊन येत नाही, घरात माणसं भरपूर, सून वेळेवर खायला घालते.

"नक्की तीन फुटी ना?"

"अरे, मी काय खोटं बोलून राहिलो का?"

"तसं नाही जी. टाकी लहान असती तर तुम्हाले मी प्लॅटी नाहीतर गप्पी दिले असते, तेही थोडेच. गोल्डफिशले जागा लई लागते, घाणही लई करतात. तीन फुटी असंल तर चार बारके गोल्डफिश आरामात राहतीन. दुसरं काही टाकू नका त्यांच्यात."

हे सगळं आशिष बोलत होता आणि भाऊराव त्याच्या नखांकडे पाहत होते. नखांवरून तंबाखू कळतो. नखं स्वच्छ होती. ऐकायचं काम राहूनच गेलं.

अशा रीतीनं, टाकी नसलेला माणूस प्लास्टिकच्या फुगीर पिशवीत चार सोनेरी मासे घेऊन बसमध्ये बसला. न घ्यावेत तर सोंग उघडं पडलं असतं.

संध्याकाळी स्नेहा ऑफिसातून आली आणि ओट्यावरच्या भगोण्यात मासे फिरताना पाहून पोट धरून हसली. किती दिवसांनी हसली ते भाऊरावांना आठवेना. "पाहिलं का मग त्याले?" तिनं विचारलं. "पाहून राहिलो," ते म्हणाले, "अजून एक फेरी लागंल." ती स्कूटी काढून बाहेर गेली आणि काचवाल्याकडून दीड फुटी तयार टाकी, छोटा फिल्टर आणि रंगीत खडे घेऊन आली. शोकेसवर टाकी मांडली, बोअरचं पाणी भरलं आणि त्याच संध्याकाळी मासे आत सोडले. तीन फुटांची गोष्ट भाऊरावांच्या ओठांवर आली होती. पण ती सांगायची तर लोधीखेडं सांगावं लागलं असतं, आणि आपल्या चौकशीची रीत त्यांनी लेकीलाही कधी सांगितली नव्हती. चार बोटाएवढे मासे, त्यांना किती जागा लागणार? दुकानदार वाढवूनच सांगतात.

दुसऱ्या दिवसापासून भाऊरावांचं आयुष्य बदललं. स्नेहा ऑफिसात गेली की घर त्यांना खायला उठायचं; पेपर वाचून व्हायचा, दूधवाल्याशी भांडून व्हायचं आणि मग संध्याकाळपर्यंत काही नसायचं. आता खुर्ची टाकून ते टाकीसमोर बसायला लागले. मासे लगेच वर यायचे, पाण्याच्या पृष्ठभागाला तोंड लावून उघडझाप करायचे. "भूक लागली का रे?" भाऊराव चिमूटभर दाणे टाकायचे. थोड्या वेळानं मासे पुन्हा वर. पुन्हा चिमूट. एवढ्याशा जिवांना आपली ओळख पटली, आपल्याला पाहून बोलावतात, याचं त्यांना इतकं अप्रूप वाटलं की दाणे टाकून झाल्यावरही ते तिथंच बसून राहायचे. स्नेहानं एकदा विचारलं, पाणी गढूळ काऊन दिसते? ते म्हणाले, खड्यांचा रंग सुटला असंल, काचवाला चोर आहे.

मग एक मासा मेला. नंतर दुसरा. भाऊरावांनी आधी मंगेशच्या मांजरीवर संशय घेतला, पण मांजर मासा मारून टाकीतच कशाला ठेवेल? मग काचवाल्याच्या डिंकावर. तिसरा मासा पोट वर करून तरंगला तेव्हा मात्र त्यांना सगळं स्वच्छ दिसलं. पोरानं रोगी मासे गळ्यात मारले होते. ते गोड बोलणं, ते गिऱ्हाईक परतवणं, ते वेलदोडे, सगळं नाटक. आणि खरं सांगायचं तर भाऊरावांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आत हात घातला आणि कापूस ओला निघाला!

"पाहिलं?" संध्याकाळी ते स्नेहाला म्हणाले. "मी म्हणत होतो ना? फसवणारा आहे. जो मुक्या जिवाचा सौदा असा करते, तो तुले काय सुखात ठेवीन? मी उद्याच विहारात कळवतो."

स्नेहा टाकीजवळ उभी होती. उरलेला एक मासा कोपऱ्यात वर तोंड करून होता.

"त्याच्या तोंडावर विचारून या आधी," ती म्हणाली. "तो काय म्हणते ते मले सांगा. मग कळवा."

भाऊरावांना यात काही अवघड वाटलं नाही. उरलेला मासा टाकीच्याच पाण्यासकट बरणीत घेऊन ते सौसरला गेले आणि दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं आहेत हे पाहून मुद्दाम मोठ्यानं म्हणाले, "हे काय दिलं तू मले? तीन मेले, हा मरून राहिला!"

आशिषनं वाद घातला नाही. बरणी हातात घेतली, आधी मासा स्वच्छ पाण्यात हवेच्या नळीखाली हलवला, मग बरणीतलं थोडं पाणी काचेच्या नळीत घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकले. पाणी गर्द हिरवं झालं.

"हे जुन्या टाकीचं पाणी नाही जी. नवीन टाकी आहे अन् पाण्यात माशांच्याच घाणीचं विष साचलं आहे. केवढी टाकी आहे, खरं सांगा."

"तू मले खोटारडा म्हणून राहिला का?"

"याचा जीव जाऊन राहिला म्हून विचारून राहिलो. खायला किती वेळा घालता?"

"मागतात तेव्हा."

"मागतात म्हणजे?"

"वर येतात ना! मी समोर बसलो की येतात, तोंड उघडझाप करतात. दिवसभर."

 गिऱ्हाइकांकडे पाहून आशिषनं आवाज खाली आणला.

"काकाजी, ते मागत नव्हते. त्यांचा श्वास कोंडत होता. पाण्यात दम उरला नाही की वरची हवा घ्यायला येतात. तुम्ही दाणे टाकले, ते सडले, पाणी अजून खराब झालं."

भाऊराव स्टुलावर बसले.  चारही मासे वर यायचे आणि ते समोर बसून कौतुकानं पाहायचे. एकदा तर त्यांनी मोबाईलवर व्हिडिओ काढून विहाराच्या ग्रुपवर टाकला होता.

"मी समोरच होतो," ते म्हणाले. "दिवसभर समोरच होतो मी."

"सून होती ना खायला घालायला? घर भरलेलं आहे म्हणाले होते तुम्ही."

"सून नाही. मी अन् माझी पोरगी, दोघंच. ते घर माझं नाही." आता सांगायला सुरुवात झालीच होती, तर थांबवणं त्यांच्या हातात राहिलं नाही. "लोधीखेडंही माझं नाही. मी भाऊराव गजभिये, पांढुर्ण्याचा. स्नेहाचा बाप."

आशिषच्या कानांपर्यंत रक्त चढलं. त्यानं उगाच टाकीवरचं झाकण उचललं, पुन्हा ठेवलं. तो ओळख पटल्यावर वाकून नमस्कार करेल, पाणी देईल, अशी भाऊरावांची कुठंतरी आशा होती. तसं काही झालं नाही.

"मी तुमचं घर विचारलं होतं," तो म्हणाला. "त्या घराले चालतीन असे मासे दिले. तुम्ही दुसऱ्याचंच घर सांगितलं, तर मी काय करणार?"

"चौकशीची रीत असते रे बापू..."

"असंल जी. हा मासा आता इथंच राहू द्या. तुमच्याकडे परत देत नाही." आणि जरा थांबून, "मले घरी हे सांगावं लागंल. लपवणार नाही मी."

परतीच्या बसमध्ये भाऊराव हिशोब मांडत बसले. आजवर लोकांची घरं त्यांच्या एका शब्दावर ताटकळत बसायची. आता सौसरच्या कुठल्यातरी घरात त्यांच्याबद्दल बोललं जाणार होतं, मुलीचा बाप खोटं बोलतो, नाव बदलून फिरतो, कशाला करायची असली सोयरीक? आणि स्नेहा म्हणाली होती, हे शेवटचं. रागावून, दातओठ खाऊन जे स्थळ मोडायला निघाले होते, ते टिकावं असं त्यांना आता मनापासून वाटत होतं.

घरी आल्यावर त्यांनी काही लपवलं नाही. श्रावण डोंगरे, लोधीखेडं, तीन फुटी टाकी, हिरवं पाणी, सगळं सांगितलं. स्नेहा भाजी निवडत ऐकत होती. सांबाराची म्हणजे कोथिंबिरीची जुडी हातात तशीच राहिली.

"मोहगावलेही असंच गेले होते का तुम्ही? खोटं नाव सांगून?"

"सगळीकडे असंच जावं लागते."

"अन् तिथून येऊन मले काय खोटं सांगितलं?"

 मोहगावचा तो मुलगा सरकारी शाळेत मास्तर होता. त्याच्याविषयीही त्या गावात कुणी वाईट बोललं नव्हतं. आत हात घालून घालून थकले तरी तिथं कापूस कोरडाच निघाला होता, आणि बसमध्ये बसल्या बसल्या त्यांनी त्याच्यात एक खोट घडवली होती.

"तू गेली असती," शेवटी ते म्हणाले. "तुझी आई गेली, मग तूही गेली असती. मी काय केलं असतं या घरात?"

स्नेहा रडली नाही, ओरडलीही नाही. भाऊरावांना वाटलं, ओरडली असती तर बरं झालं असतं.  मग तिनं हात धुतले, न पुसताच मोबाईल घेतला, बायोडेटा उघडला आणि त्यावरचा नंबर लावला.

"नमस्कार. मी स्नेहा गजभिये बोलून राहिली, पांढुर्ण्याहून. आमचे बाबा आले होते तुमच्याकडे... हो, कळलं मले. ते जे बोलले त्यातलं काही धरू नका. आमच्या घराबद्दल जे विचारायचं ते मले विचारा. मलेही तुम्हाले विचारायचं आहे, मी रविवारी स्वतः येतो."

पलीकडून काहीतरी उत्तर आलं. स्नेहा ऐकत ऐकत मागच्या अंगणात गेली आणि पायरीवर बसली. तिथून तिचा आवाज घरात स्पष्ट ऐकू येत होता. जरा कान दिला असता तर पलीकडचाही आला असता.

भाऊराव उठले, दारापर्यंत गेले आणि त्यांनी ते हळूच लावून घेतलं.